वटवाघळांचा निवारा आणि प्रतिकारशक्ती

अनेक विषाणू शरीरात बाळगूनही वटवाघळे सहसा आजारी पडत नाहीत. मात्र त्यांची प्रतिकारशक्ती सर्वत्र सारखी नसते. एकाच जातीत निवाऱ्यानुसार ती बदलू शकते, असे अमेरिकेतील टेक्सास राज्यात झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

हा अभ्यास ब्राझिलियन फ्री-टेल्ड या कीटकभक्षी वटवाघळांवर झाला. त्यांची शेपटी पंखांच्या पडद्याबाहेर मोकळी असते आणि वजन जेमतेम १२ ग्रॅम भरते. वसंत ऋतूत ती मेक्सिकोतून टेक्सासमध्ये येतात. सॅन अँटोनियोजवळच्या ब्रॅकन गुहेत त्यांची संख्या दीड कोटीवर जाते. ऑस्टिन शहरातील काँग्रेस अव्हेन्यू पुलाची १९८० साली पुनर्बांधणी झाली, तेव्हा काँक्रीटमधील अरुंद फटींतही लाखोंनी बिऱ्हाड थाटले.

दोन्ही निवारे अगदी भिन्न आहेत. गुहेत प्रचंड दाटी, विष्ठेचे थर आणि अमोनियाने कोंदलेली हवा असते. पुलाखाली हवा खेळती असते, पण वाहनांचा गोंगाट आणि कंपने सोसावी लागतात.

संशोधकांनी दोन गुहा व दोन पूल निवडून दोन चाचण्या केल्या. पहिलीत घेवड्याच्या बियांतील एक प्रथिन त्वचेत टोचून येणारी सूज मोजली. टी-पेशींच्या प्रतिसादाचा अंदाज त्यावरून येतो. गुहांमधील वटवाघळांत हा प्रतिसाद लक्षणीयरीत्या अधिक आढळला. दुसरीत रक्त जीवाणू किती मारते हे पाहिले, तेव्हा गुहा आणि पूल असा सरळ भेद दिसला नाही.

अर्थात, अधिक सूज म्हणजे अधिक निरोगी प्राणी असे नव्हे. तसेच चार वस्त्यांवरून दाटी, अमोनिया की गोंगाट, यांपैकी नेमके कारण ठरवता येत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. महाबळेश्वरच्या गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या संसर्गाचे पुरावे मिळाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली जाहीर केले. एका वस्तीतील नमुने संपूर्ण जातीचे चित्र देतातच असे नाही. म्हणून अशा तपासणीत रक्ताच्या नमुन्याइतकीच निवाऱ्याची नोंदही मोलाची ठरते.