कमरेवरचा वळ

रेवदंड्यात अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात, साधारण १४७० च्या सुमारास, तो एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. इथल्या माणसांबद्दल त्यानं जे लिहून ठेवलं, त्यात कपड्यांचा उल्लेख अगदी सुरुवातीला येतो. राजा असो वा राणी, एक वस्त्र कमरेला आणि दुसरं डोक्यावर नाहीतर खांद्यावर. आज मी लिहिणार आहे ते कमरेच्या त्या वस्त्राबद्दल, आणि त्याखालच्या कातडीबद्दल.

माझं एमएस्सी जीवशास्त्रातलं. पीएचडी मात्र वैद्यकशास्त्राच्या इतिहासात चालू आहे. त्यामुळे "त्वचेचा कॅन्सर तर गोऱ्या लोकांना होतो ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अर्धं उत्तर 'हो' आहे. गोऱ्या कातडीत रंगद्रव्य कमी, त्यामुळे उन्हाचा मारा जास्त बसतो. आपल्याकडे हा कॅन्सर इतर कॅन्सरांच्या मानानं थोडा. उरलेलं अर्धं उत्तर मात्र परळला सापडतं.

२८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी अमेरिकेतल्या 'आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी' या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता माणसांच्या सवयी आणि त्यातून होणारे, भारतात दिसणारे तीन नवे कॅन्सर. त्यातला एक होता धोतराचा. वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर, बरोबर गाठीच्या रेषेत उठणारा.

हे होतं कसं? एकाच जागी रोज कापड घासतं. त्यात घाम, उकाडा, धूळ. कातडी आधी काळवंडते, जाड होते, कधी खपल्या धरते, कधी तिचा रंगच जातो. मग चीर पडते, भरते, पुन्हा पडते. प्रत्येक वेळी जखम भरायला पेशींना नव्यानं विभागावं लागतं. असं दशकानुदशकं चाललं की एखाद्या विभागणीत चूक होऊन ती टिकण्याची शक्यता वाढते. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कॅन्सर डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. तिथे निखाऱ्याची धग, इथे गाठ. ऊन दोन्हीकडे नाही.

म्हणजे आपल्याकडे तपासायची जागा वेगळी आहे. गोऱ्यांच्या देशात उन्हात उघडी राहणारी जागा आधी बघतात, आपल्याला झाकलेली जागा बघायला हवी. आणि झाकलेली जागा कोण दाखवणार?

धोतर मागे पडलं, पण परकराची नाडी राहिली. २०२४ च्या अखेरीला वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन बायकांच्या केसेस छापल्या. पहिली सत्तर वर्षांची. नऊवारीच्या आत घट्ट नाडीचा परकर, आणि कुशीवरची जखम अठरा महिने भरली नव्हती. दुसरी साठीतली. चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट नेसलेली, जखम दोन वर्षांची. दोघींनाही कॅन्सर निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. अठरा महिने आणि दोन वर्षं, हे आकडे मला रोगाच्या नावापेक्षा जास्त छळतात. जखम कातडीवर होती, डोळ्यांना दिसत होती.

मग सगळ्यांनीच दरवर्षी त्वचा तपासून घ्यावी का? इथे इतिहास सावध करतो. जर्मनीनं २००८ पासून पस्तिशीपुढच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी त्वचातपासणीची सोय दिली. पण काही तक्रार नसलेल्या सरसकट सगळ्यांना तपासून फायदा होतो, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटानं २०२३ मध्येही सांगितलं. त्यामुळे मी सरसकट सल्ला देणार नाही. पण ज्यांच्या कमरेवर जुना जाड पट्टा आहे, जुना भाजल्याचा व्रण आहे, त्यांनी अधूनमधून त्वचारोगतज्ज्ञांना ती जागा दाखवावीच. महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम, पट्ट्यात उठलेली गाठ, रक्त किंवा पू, यातलं काहीही दिसलं तर लगेच. तळपाय आणि नखंही बघा. सावळ्या कातडीतला मेलानोमा बऱ्याचदा तिथेच लपतो. आणि नाडी सैल बांधा, बांधायची जागा बदलत राहा.

माझी चौलची आजी जन्मभर नऊवारी नेसली. वाडीत शिंपणं करताना गाठ सुटू नये म्हणून करकचून बांधायची. खानोलकरांचा निबंध वाचून झाल्यावरच्या सुट्टीत मी तिला विचारलं, "आजी, कंबर दाखवशील?" ती हसली. "त्यात काय बघायचंय? सगळ्याच बायकांना असतं." हाताच्या बोटाएवढा रुंद, काळा, खरखरीत पट्टा होता. एका जागी चीर. कधीपासून, ते तिला आठवेना.

अलिबागला नेलं. बायोप्सी झाली. रिपोर्ट यायच्या त्या दिवसांत मी प्रबंधाचं एक पानही लिहू शकले नाही. कॅन्सर नव्हता. चीर मलमानं आणि सैल गाठीनं भरली. आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो.

परत येताना आजी गाडीत म्हणाली, "पन्नास वर्षांत कुणी विचारलंच नाय गं." खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या, पण रोगाला नाव मिळालं ते माणूस काय नेसतो, कसं नेसतो हे पाहिलं म्हणून. तेवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. या सुट्टीत घरी गेलात की विचारा.