टीव्हीच्या आधीची नळी

मागे फुगीर पोट असलेल्या जुन्या टीव्हीचं कूळ शोधत गेलं, तर आपण एका मोजमापाच्या उपकरणापाशी पोहोचतो. १८९७ साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राउन एका अडचणीशी झुंजत होते. विजेचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला कितीतरी वेळा उलटसुलट होतो. मापकाचा जड काटा त्या वेगानं हलू शकत नाही. मग ही लाट डोळ्यांना दिसावी कशी?

ब्राउन यांनी काट्याऐवजी ऋणाग्र किरण, म्हणजे विजेच्या ऋण टोकातून निघणारे किरण, घेतले. हवा उपसलेल्या काचनळीतले हे किरण चुंबकानं वळतात, हे प्लूकर, हिटॉर्फ, क्रुक्स यांच्या प्रयोगांतून आधीच कळलं होतं. ब्राउन यांनी बारीक छिद्रातून त्यांचा झोत काढला, समोर किरण पडताच चमकणारा अभ्रकाचा पडदा ठेवला आणि नळीबाहेर तारेचं वेटोळं बसवलं. वेटोळ्यात प्रवाह सोडला की पडद्यावरचा ठिपका वर-खाली नाचे. फिरत्या आरशात त्याचीच लाट दिसे. १८९९ मध्ये त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी ठिपका विजेनंच आडवा सरकवला आणि आरसा गेला. ऑसिलोस्कोपची, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या उपकरणाची, मांडणी पुरी झाली.

ठिपका उभा-आडवा हवा तसा फिरवता येऊ लागला, म्हणजे चित्रही काढता येणार. सेंट पीटर्सबर्गच्या बोरिस रोझिंग यांनी १९०७ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज केला. जपानमध्ये केंजिरो ताकायानागी यांनी १९२६ मध्ये अशा नळीवर एक अक्षर उमटवलं.

टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन, म्हणजे तेच ऋणाग्र किरण, निघतात आणि हजारो व्होल्टच्या ओढीनं पडद्यावर आदळतात. मानेवरची वेटोळी झोताला ओळीमागून ओळ फिरवतात. झोत जोरदार तिथे उजेड, मंद तिथे काळोख. आपल्याकडच्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रं असत, प्रत्येक ६२५ ओळींचं. ओळी एकाआड एक, दोन खेपांत भरल्या जात, म्हणून चित्र लुकलुकताना फारसं जाणवत नसे. रंगीत संचात लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांसाठी तीन झोत असत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा घराघरांत दिसलेलं चित्र याच रीतीनं उमटलं.

ब्राउन यांनी नळीचं पेटंट घेतलं नाही. रचना शोधनिबंधात छापून सर्वांसाठी खुली केली. १९०९ चं नोबेल त्यांना मार्कोनींसोबत मिळालं, ते बिनतारी संदेशवहनासाठी. माझ्या मते, जगाला त्यांचं मोठं देणं मात्र ही नळीच.