न्हाव्याची पट्टी आणि हार्वेचा हिशेब

विल्यम हार्वेने 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला आणि वैद्यकाला नवी दृष्टी आली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. सिद्धान्त खराच होता. पण खाटेवरच्या रुग्णाला त्याने काय दिले, असे विचारले तर पुढची दोन शतके उत्तर जवळजवळ ‘काहीच नाही’ असे येते. शीर तोडून रक्त काढण्याच्या ज्या धंद्याने हार्वेला पुरावा पुरवला, तो धंदा सिद्धान्तानंतरही जोरात चालला. याचा दोष वैद्यांच्या अडाणीपणावर टाकणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

युरोपात हे काम बहुधा न्हावी करीत. लंडनमध्ये 1540 ते 1745 पर्यंत न्हावी आणि शल्यवैद्य एकाच संघात होते. दंडाला पट्टी आवळायची, रुग्णाच्या मुठीत काठी द्यायची, कोपराच्या खोबणीतली शीर टरारली की नस्तर मारायचे, खाली वाडगे धरायचे. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या शिकवणुकीनुसार रक्त यकृतात तयार होऊन शिरांवाटे अवयवांकडे जाई आणि तिथेच जिरे. तसे असते तर शीर पट्टीच्या वर, खांद्याकडे फुगायला हवी होती. ती फुगे खाली. शतकानुशतके हे रोज डोळ्यांसमोर घडत होते आणि बहुतेकांना त्यात वावगे वाटले नाही. हार्वेने तीच पट्टी हाती घेतली. करकचून बांधली की मनगटाची नाडी बंद पडून हात गार होई; जरा सैल केली की नाडी परते आणि हात रक्ताने तुंबे, कारण खोलवरच्या धमनीतून रक्त आत येई, पण वरवरच्या शिरेतून परत जाऊ शकत नसे. शिरांतल्या झडपा त्याचे पादुआचे गुरू फाब्रिसियस यांनी 1603 साली छापून दाखवल्या होत्या, पण त्या बाहेर जाणाऱ्या रक्ताचा जोर कमी करतात असे ते समजत. हार्वेने शिरेवर बोट दाबून फिरवले: रक्त हृदयाकडे सरके, पंजाकडे ढकलू गेले की झडपेशी अडे. मग त्याने हिशेब मांडला. एका ठोक्याला अवघा अर्धा औंस आणि अर्ध्या तासाला हजारच ठोके, असे मुद्दाम कमी आकडे धरले तरी अर्ध्या तासात 500 औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो रक्त हृदयातून जाते. एवढे रक्त कोणत्या जेवणातून तयार होणार? तेच रक्त फिरून येते, हाच एक मार्ग उरतो. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने रक्त फुप्फुसांतून डाव्या बाजूला येते हे लिहिले होते, हे मान्य. पण सबंध शरीराचा फेरा आणि त्यामागचे मोजमाप हार्वेचे.

आता यातून जे निघायला हवे होते ते निघाले नाही. दुखणाऱ्या बाजूची शीर तोडावी की विरुद्ध बाजूची, यावर सोळाव्या शतकातले वैद्य हमरीतुमरीवर आले होते. रक्त सगळीकडे फिरतच असेल तर या वादात अर्थ उरत नाही. तरी रक्त काढणे थांबले नाही. खुद्द हार्वेही ते उपयोगी मानत राहिला. कोणी म्हणेल, धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगीला 1661 साली, हार्वेच्या मृत्यूनंतर दिसल्या, तोवर सिद्धान्त अर्धाच होता. पण 1661 नंतरही काही बदलले नाही. 1799 साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेवटच्या आजारात एका दिवसात दोन लिटरांहून अधिक रक्त काढले गेले. मला वाटते, ही प्रथा गेलनच्या शरीररचनेवर उभीच नव्हती. त्रिदोषांचा वेगळाच विचार मांडणाऱ्या सुश्रुतसंहितेतही जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. रक्त गेले की तापाने तळमळणारा माणूस गळून शांत पडे, आणि घरच्यांना तो उतार वाटे. डोळ्यांना दिसणाऱ्या या ‘गुणा’पुढे शिरांतल्या झडपा काय करणार?

या प्रथेला धक्का दिला तो मोजणीने. पॅरिसच्या पिएर लुईने 1835 साली न्यूमोनियाच्या 77 रुग्णांचा हिशेब छापला. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या 41 पैकी 18 दगावले, नंतर काढलेल्या 36 पैकी 9. रक्त न काढलेल्यांचा गट त्याच्याकडे नव्हता, त्यामुळे पुरावा लंगडा. त्याने स्वतःही उपचार सोडा असे म्हटले नाही, परिणाम समजतो त्याहून फार थोडा, एवढेच म्हटले. तरी हार्वेने रक्ताला लावलेली मोजपट्टी अखेर रुग्णांना लावली गेली, आणि तिथून ओहोटी सुरू झाली. तीही संथच: विल्यम ऑस्लरच्या 1892 सालच्या पाठ्यपुस्तकात न्यूमोनियाच्या काही रुग्णांसाठी रक्त काढण्याची शिफारस आहे.