मानवत : मुंजोबा आणि माफीचा साक्षीदार

१९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होते. त्याच जिल्ह्यातील मानवतमध्ये १९७२च्या दुष्काळात सुरू झालेले हत्यासत्र जानेवारी १९७४ पर्यंत चालले. बळींत बहुतेक स्त्रिया व लहान मुली. पिंपळाखालच्या मुंजोबाला कुमारिकेचे रक्त वाहिल्यास गुप्तधन लाभेल, या समजुतीतून हे घडले, असे सरकार पक्षाचे म्हणणे. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले.

कथा आणि मालिका याच पिंपळाखाली रेंगाळतात. न्यायालयापुढील पेच निराळा होता : गुन्ह्यात स्वतः सामील असलेल्या माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला फासावर चढवावे काय? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र दुजोऱ्याचा आग्रह धरला. ज्या दोघांसाठी हे रक्त सांडले असे सांगितले जाई, ते अपिलांच्या ओघात निर्दोष सुटले. इतर काहींची शिक्षा कायम राहिली.