बंदुकीचा नेमका कुठला भाग म्हणजे बंदूक?

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मागच्या निवडणुकीच्या वेळची गोष्ट. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्या असतात, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. आमच्या आबाकाकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची जुनी दुनळी बाराबोर आहे. वानर-डुकरांना ती आता घाबरत नाहीत म्हणा, पण परवाना चालू आहे. मी गाडी घेऊन सोबत गेलो. हवालदारांनी परवान्याचं पुस्तक उघडलं, बंदूक मोडली, नळीवरचा नंबर वाचला, मग मागच्या लोखंडावरचा. मग नळीखालचं लाकूड काढून त्याच्या आतल्या पट्टीवरचाही. तिन्हीकडे एकच आकडा.

बाहेर आल्यावर मी काकांना विचारलं, तीन-तीन ठिकाणी कशाला? काका म्हणाले, "अरे, ही नळी हिलाच बसते. दुसरीची लावून बघ, बसायची नाही. कारखान्यात भाग मिसळू नयेत म्हणून नंबर."

म्हणजे तो नंबर पोलिसांसाठी नव्हताच. तो कारागिरासाठी होता! हे डोक्यात बसलं आणि मग बरेच दिवस मी याच विषयावर वाचत होतो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

थेट १७८५ सालच्या पॅरिसला जाऊ. थॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचे फ्रान्समधले वकील होते. होनोरे ब्लाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने त्यांच्यासमोर ५० बंदुकांच्या चापयंत्रणेचे सुटे भाग खोक्यांत मांडले. जेफरसननी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही यंत्रणा जोडल्या. सगळ्या बसल्या. त्या काळात ही जादूच होती, कारण तोवर प्रत्येक बंदूक ही कानशीने घासून घासून जुळवलेली, जगात एकमेव अशी वस्तू असायची. रणांगणात एक खटका मोडला की अख्खी बंदूक अडगळीत. जेफरसननी लगेच मायदेशी पत्र लिहून हे कळवलं.

पुढची गोष्ट अमेरिकेत शाळेच्या पुस्तकात असायची. एली व्हिटनीने १७९८ मध्ये सरकारकडून १०,००० मस्केट बंदुकांचं कंत्राट घेतलं, मुदत दोन वर्षं. १८०१ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन बड्या नेत्यांसमोर भाग अदलाबदल करून दाखवले, वाहवा मिळवली. शेवटची बंदूक पोचली १८०९ मध्ये. (सरकारी कंत्राटांना मुदतवाढ मिळण्याची परंपरा आपलीच आहे असं समजू नका.) १९६० च्या दशकात इतिहासकारांनी त्याच्या शिल्लक बंदुका खोलून पाहिल्या तेव्हा पितळ उघडं पडलं. भाग एकमेकांना बसत नव्हते. आणि पुरावा काय, तर काही भागांवर कारागिरांनी केलेल्या खुणा! भाग खरोखर सारखे असते तर खुणांची गरजच काय होती? आबाकाकांचं वाक्य इथे आठवलं.

हे काम खऱ्या अर्थाने तडीस नेलं जॉन हॉल या माणसाने, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत. (होय, तेच हार्पर्स फेरी. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध उठाव करण्यासाठी छापा घातला तो याच शस्त्रागारावर.) १८१९ मध्ये त्याला १,००० रायफलींचं काम मिळालं. त्याने यंत्रं आणि मापाचे साचे बनवण्यातच वर्षं घालवली, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. पण १८२६ च्या अखेरीस तपासणी समितीने त्याच्या रायफली खोलल्या, भाग एकत्र कालवले, पुन्हा जोडले, आणि त्या चालल्या. १८३४ पर्यंत दूर कनेक्टिकटमधल्या कारखान्यात बनलेले भागही हार्पर्स फेरीच्या रायफलींना बसू लागले. शिवणयंत्र, सायकल, मोटार, सगळं या विद्येतून पुढे आलं.

आता यातला पेच बघा. जोवर भाग जुळत नव्हते तोवर बंदुकीला स्वतःची ओळख होती. भाग जुळायला लागले आणि ती ओळख लोखंडातून निघून कागदावर गेली. आता ओळख म्हणजे फक्त ठोकलेला नंबर. मग प्रश्न येतो, नंबर ठोकायचा कुठे?

नंबरची ताकद काय असते ते जगाने नोव्हेंबर १९६३ मध्ये पाहिलं. केनेडींच्या हत्येनंतर डलासच्या त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर इटालियन बनावटीची जुनी रायफल सापडली, नंबर सी-२७६६. न्यूयॉर्कच्या आयातदाराने सांगितलं, हा माल शिकागोच्या क्लाइन्स दुकानाला दिला. दुकानातल्या लोकांनी रात्रभर मायक्रोफिल्म चाळून पहाटे ऑर्डर शोधून काढली. टपालाने मागवलेली, 'ए. हिडेल' या नावाने, डलासच्या एका पोस्ट बॉक्सवर. किंमत दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट. अक्षर ओस्वाल्डचं निघालं. एका रात्रीत, संगणकाशिवाय!

त्या हत्येने सुरू झालेल्या चर्चेतून, आणि पुढच्या आणखी हत्यांनंतर, १९६८ चा अमेरिकन बंदूक कायदा आला. बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर नंबर सक्तीचा झाला. पण एक बारीक बदलही झाला. १९३८ च्या जुन्या कायद्यात बंदुकीचा कुठलाही भाग म्हणजे बंदूक मानला जात असे. प्रत्येक स्प्रिंग आणि स्क्रूचा हिशेब ठेवणं अशक्य, म्हणून १९६८ मध्ये ठरवलं की एकच मुख्य भाग, म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हर, हाच कायद्याने 'बंदूक'. नंबर त्यावर. बाकीचं सगळं हार्डवेअरचं सामान.

कागदावर बरोबर वाटतं ना? सरकारी नियमात रिसीव्हरची व्याख्या अशी होती: ज्यात घोडा, बोल्ट आणि चाप यंत्रणा बसते आणि ज्याच्या पुढच्या तोंडाला सहसा नळी बसवायचे आटे असतात तो भाग. जुन्या रायफलींना ही व्याख्या चपखल बसते. पण अमेरिकेत जी सगळ्यात जास्त बोलली जाते ती एआर-१५ मुळात दोन तुकड्यांची. खालच्या तुकड्यात घोडा आणि चाप, वरच्या तुकड्यात बोल्ट आणि नळी. व्याख्येत बसेल असा एक भाग त्या रायफलीत नाहीच! सरकारी खात्याने वर्षानुवर्षं खालचा तुकडा म्हणजे बंदूक असं धरून कारभार चालवला.

आणि वकिलांनी ते पकडलं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात एक खटला यावरून निकालात निघाला. २०१९ मध्ये दुसरा. ऑरेंज काउंटीतल्या एकावर आरोप होता की तो विनापरवाना एआर-१५ बनवून विकतो. गिऱ्हाइकाने यायचं, यंत्राचं बटण दाबायचं, म्हणजे "ज्याची त्याने बनवली". न्यायाधीशांचा कल दिसला की खालचा तुकडा व्याख्येत बसत नाही. सरकारी पक्ष इतका धास्तावला की त्याने आरोपीशी तडजोड केली, लेखी निकाल पायंडा होऊ नये म्हणून. एका व्याख्येपायी लाखो रायफलींचा कायदा लटकला असता.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच आहे. गुन्ह्याच्या जागी पोलिसांना काय सापडतं? बहुतेकदा बंदूक नाही, तर गोळी आणि रिकामं काडतूस. गोळीवरचे ओरखडे नळीचे. काडतुसावरची खूण बोल्टची आणि त्यातल्या टोच्याची. एआर-१५ मध्ये हे साक्षीदार सगळे वरच्या तुकड्यात, ज्यावर नंबरची सक्ती नव्हती आणि जो टपालाने घरपोच मिळायचा. ज्या तुकड्यावर नंबर, त्याचा गोळीशी स्पर्शही होत नाही. प्रयोगशाळा एका भागाबद्दल बोलते, रजिस्टर दुसऱ्याबद्दल.

आपल्याकडच्या गाडीशी तुलना करा. इंजिन नंबर वेगळा, चासी नंबर वेगळा, आरसी बुकात दोन्ही. १२ मार्च १९९३ ला वरळीला जी बेवारस मारुती व्हॅन सापडली, तिच्यात एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब होते. पोलिस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचले ते कशावरून? गाडीच्या नोंदणीवरून. आतल्या रायफलींवरून नव्हे. गाडीला आरटीओ असतो, चोरट्या रायफलीला आगापिछा नसतो.

नुसता ठोकलेला नंबर तरी खरा असतो का? पूर्वीच्या वायव्य सरहद्दीवर इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला व्हायच्या, शिक्क्यांसकट. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली, पण तिच्या नावाचा मुकुटछाप आणि खाली त्यानंतरचं साल अशा रायफली आजही संग्राहकांकडे आहेत. शिक्का मारणाऱ्याला तो नक्षीचाच भाग वाटला असणार.

यावर उपाय म्हणून युरोपने २०१७ च्या निर्देशात सरळ नळी, स्लाइड, बोल्ट, वरचा आणि खालचा रिसीव्हर असे सगळे महत्त्वाचे भाग खुणेच्या कक्षेत आणले. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये जे साधन मंजूर केलं त्यात मुख्य भागावर खूण करा आणि नळीसारख्या इतर भागांवरही करण्याला उत्तेजन द्या असं आहे, पण ते बंधनकारक नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही 'शस्त्र' आहेत, आणि नंबर खोडणं हा गुन्हा. याबाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा सरळ आहे असं माझं मत. अर्थात मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येणाऱ्या गावठी कट्ट्याला यातलं काहीच लागू पडत नाही, त्याला नंबरच नसतो.

अमेरिकेने २०२२ मध्ये नवा नियम काढून व्याख्या दुरुस्त केली. घरी जोडायचे बिननंबरी संच, ज्यांना तिकडे 'घोस्ट गन' म्हणतात, तेही कक्षेत घेतले. त्यावर खटले झाले आणि २६ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा नियमाच्या बाजूने कौल दिला.

पण नंबर असला तरी शोध कसा घेतात ते ऐका. अमेरिकेत बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणून राष्ट्रीय शोध केंद्रातला कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानदाराचं, आणि दुकानदार आपल्या रजिस्टरमध्ये बघून पहिल्या गिऱ्हाइकाचं. म्हणजे १९६३ चीच पद्धत. वर्षाला सहा लाखांच्या वर अशा विनंत्या येतात. दुकान बंद पडलं की त्याची कागदपत्रं खोक्यांत भरून केंद्रात येतात, त्यांची छायाचित्रं घेतात, पण नावाने शोधता येईल अशी सोय करायची नाही. मध्यंतरी वजनाने मजला खचेल म्हणून खोकी आवारात जहाजाच्या कंटेनरमध्ये ठेवावी लागली होती.

हे केंद्र आहे वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावात. तिथून हार्पर्स फेरी साधारण ३० किलोमीटर. आणि हार्पर्स फेरी ज्या काउंटीत आहे तिचं नाव जेफरसन काउंटी.

निकाल लागल्यावर काकांची बंदूक परत आणायला मीच गेलो. हवालदारांनी पुन्हा तिन्ही नंबर वाचले, मगच सही घेतली.