लोकरी माव्याची हकिगत



2002 सालचा पावसाळा जुन्या ऊस बागायतदारांना आठवत असेल. जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानामागे कापसासारखे पांढरे थर दिसू लागले. खालच्या पानांवर चिकटा पडला, त्यावर काजळी धरली आणि हिरवेगार फड काळवंडले. हाच लोकरी मावा. पश्चिम बंगालात त्याची नोंद 1958 सालीच झाली होती. आपल्याकडे मात्र तो नवखा पाहुणा.

या माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्ले घालते. त्यामुळे ढगाळ, दमट हवेत त्याची पैदास झपाट्याने होते. लोकांनी औषधे मारली. पण ऊस डोक्याच्या वर गेलेला; पंप घेऊन आत शिरायचे कसे? शिवाय औषधाने माव्याबरोबर त्याला खाणारे किडेही मेले.

सफरचंदाच्या बागांनी असेच संकट आधी पाहिले होते. तिथला लोकरी मावा निराळा, मूळचा अमेरिकेचा. त्याच्याच मुलखातली ॲफेलिनस नावाची चिमुकली माशी माव्याच्या अंगात अंडी घालून त्याला मारते. ती न्यूझीलंडात नेली, पुढे हिमाचलातही सोडली. चोर बाहेरून आला, तर त्याला ओळखणारा राखणदारही आणावा लागतो.

उसातही तेच घडले. डिफाची अळी आणि मायक्रोमस हे मावा खाणारे किडे फडात आढळले. ते वाढवून इतरत्र सोडले गेले. आसामातून एन्कार्सिया ही परजीवी माशीही आणली. पुढच्या काही वर्षांत माव्याचा जोर ओसरला.

पण मावा संपलेला नाही. म्हणून उमरगा भागातील ऊसवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे:

• पावसाळ्यात दर आठवड्याला पाने उलटून पाहा.
• मावा असलेल्या फडातले बेणे वा वाढे दुसऱ्या गावी नेऊ नका.
• युरिया जास्त टाकू नका. पट्टा पद्धतीने लावण करून हवा खेळती ठेवा.
• हेक्टरी डिफाच्या 1,000 किंवा मायक्रोमसच्या 2,500 अळ्या सोडाव्यात.
• माव्यात जाळी करून राहणारी डिफाची अळी दिसली, तर औषध मारू नका.

ती अळी तुमचा बिनपगारी गडी आहे. पंप खांद्यावर घेण्याआधी एकदा पान उलटून तिला शोधा.