मास्तरीणबाई मिस फरार

इतिहासाच्या पुस्तकांत राजांचीं नांवें असतात, सेनापतींचीं असतात, समाजसुधारकांचींही असतात. परंतु त्या सुधारकांच्याही आधीं ज्यांनीं कोठेंतरी चार मुलें जमविलीं, त्यांच्या हातीं पाटी दिली आणि मुळाक्षरें गिरवून घेतलीं, त्यांचीं नांवें बहुधा तळटिपेंत राहतात. आज अशाच एका तळटिपेंतल्या बाईंविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें. त्यांचें नांव सिंथिया फरार. ‘फरार’ हा शब्द कानीं पडला कीं पोलिसांना गुंगारा देऊन पळालेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पण ह्या बाई १८२७ सालीं आपल्या मुलखांत आल्या त्या १८६२ सालीं अहमदनगर येथें मरण येईपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. प्रकृतीच्या कारणानें त्यांना सुमारें दोन वर्षें मायदेशीं काढावीं लागलीं, तेवढाच काय तो खंड.

बाईंचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत मार्लबरो नांवाच्या गांवचा. त्या पंधरा वर्षांच्या असतांना, म्हणजे १८१० सालीं, त्या बाजूच्या धर्मनिष्ठ लोकांनीं परदेशांत मिशनरी पाठविण्यासाठीं एक मंडळ स्थापन केलें. लोक त्याला ‘अमेरिकन बोर्ड’ म्हणत. ह्या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले, तेव्हां कंपनी सरकारनें त्यांचें स्वागत केलें नाहीं. उलट परत जाण्याचा हुकूम दिला. मिशनरी आले कीं रयत बिथरेल आणि व्यापाराला धक्का बसेल, हें कंपनीला भय. वर्षभर अर्ज-विनंत्या झाल्यावर त्यांना राहण्याची मुभा मिळाली. बोर्डाच्या पहिल्या तुकडींतील हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची विवाहिता तर मुंबई दृष्टीस पडण्यापूर्वींच, १८१२ सालीं मॉरिशस बेटावर वारली. तिचे पति मुंबईस पोंचले आणि १८२१ सालीं पटकीनें गेले. हॉलही १८२६ सालीं नाशिककडच्या दौऱ्यांत त्याच रोगाला बळी पडले. पुढच्याच वर्षीं फरारबाई बोस्टनहून गलबतांत बसल्या. आपण कोठें जात आहोंत हें त्यांना कळत नव्हतें असें कोणी म्हणूं नये.

तोंवर अशा कामाला मिशनऱ्यांच्या बायका जात. त्या नवऱ्याबरोबर म्हणून जात. अविवाहित स्त्रीनें एकटीनें समुद्र ओलांडावा हें अमेरिकेंतही लोकांना पटत नसे. बाईंच्या आधीं पांच वर्षें, १८२२ सालीं, बेट्सी स्टॉक्टन नांवाची एक स्त्री ह्याच बोर्डाच्या तुकडीबरोबर हवाई बेटांकडे निघाली होती. ती जन्मानें गुलाम, पुढें मुक्त झालेली, कृष्णवर्णीय. माउई बेटावर लाहायना येथें तिनें सरदार-दरकदारांच्या नव्हे, तर साध्या कुणब्यांच्या मुलाबाळांसाठीं शाळा काढली. परंतु ती गेली ती एका मिशनरी कुटुंबाबरोबर, त्या घरचें काम अंगावर घेऊन. आणि त्या घरची बाई आजारी पडतांच १८२५ सालीं तिलाही परत फिरावें लागलें. फरारबाईंची नेमणूक ह्याहून निराळी होती. कोणाची पत्नी किंवा कोणाच्या घरची माणूस म्हणून नव्हे, तर शाळांवर देखरेख करणारी शिक्षिका म्हणून त्यांना पाठविण्यांत आलें.

सुएझचा कालवा व्हावयास अजून बेचाळीस वर्षें होतीं. आफ्रिकेला वळसा घालून, कलकत्त्यावरून, त्या वर्षअखेरीस मुंबईस पोंचल्या. वय बत्तीस. आतां त्यांना मराठी शिकावयाची होती, आणि मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश तर अजून छापून निघावयाचा होता. तो १८३१ सालीं निघाला. स्वतः विद्यार्थी होऊन, परक्या भाषेंतील मुळाक्षरांपासून आरंभ करून, मग त्याच भाषेंत लहान मुलींना शिकवावयाचें, असा हा उफराटा क्रम होता. ज्यांनीं शिक्षकाचा धंदा केला आहे त्यांना त्यांतील अडचण सांगावयास नको. वर्गांतील पोरगीं आपल्या चुकीच्या उच्चाराला हंसत असतां न रागावतां पुढें शिकवीत राहणें ही कांहीं लहान तपश्चर्या नव्हे.

मुंबईंत मुलींची शाळा ह्याच मिशननें १८२४ सालीं काढली होती, आणि दोन वर्षांत अशा नऊ शाळा होऊन त्यांत तीनशेंवर मुली येऊं लागल्या होत्या. वाचन, लेखन, शिवणकाम आणि ख्रिस्ती धर्माचीं पुस्तकें हा अभ्यासक्रम. शिकविण्यास पंतोजी ठेवीत ते पुष्कळदां हिंदूच, आणि त्यांतही ब्राह्मण. कारण अक्षर ओळखणारा दुसरा माणूस मिळत नसे. ‘लिहितां-वाचतां येऊं लागलेली मुलगी लवकर विधवा होते’ अशी समजूत घरोघर होती. मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं होई आणि तिची शाळा तेथेंच संपे. जोडाक्षरें यावयाच्या सुमारास विद्यार्थिनी नाहींशी व्हावयाची आणि बाईंनीं पुनः नव्या पोरीसमोर ‘अ, आ’ काढावयाचा, असें हें काम.

आतां एक गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ह्या शाळा परोपकारासाठीं होत्या हें खरें, तसेंच त्या धर्मांतरासाठीं होत्या हेंही खरें. मुलीनें वाचावयास शिकावें तें बायबल वाचण्यासाठीं, हा त्यांचा उघड हेतु होता. तो त्यांनीं लपविला नाहीं. आईबापांना हें कळत होतें. १८३९ सालीं मुंबईंत स्कॉटिश मिशनच्या शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां शहरांत केवढा क्षोभ उसळला! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें आणि पारशांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढून घेतलीं. ह्या लोकांना आपण अडाणी म्हणून हंसूं नये. परका राज्यकर्ता, त्याच्याच धर्माचा शिक्षक आणि आपलें कोवळें मूल, अशा वेळीं बापाच्या मनांत भय उत्पन्न झालें तर तें स्वाभाविकच होतें. ज्या विद्येबरोबर एक अट बांधून येते ती घ्यावी कीं टाकावी, असा हा पेंच होता.

त्याच १८३९ सालीं फरारबाई अमेरिकेहून परतून अहमदनगरास गेल्या. ह्या शहराला आज अहिल्यानगर म्हणतात. तेथें मिशनचें ठाणें १८३१ सालापासून होतें. १८४२ सालीं तेथूनच ‘ज्ञानोदय’ हें पत्र निघूं लागलें. बाईंच्या शाळा शहरांत होत्या. पण मिशनचें शिक्षण हळूहळू भोंवतालच्या खेड्यांत उतरलें, आणि तेथें तें गांवकुसाबाहेर गेलें. शिकविणारे आतां बहुधा नव्यानें ख्रिस्ती झालेले येथलेच लोक होते, त्यांतले पुष्कळसे महार-मांग समाजांतून आलेले. ज्या मुलांना गांवच्या शाळेच्या पायरीवर उभें राहण्याची मुभा नव्हती त्यांच्या हातीं पाटी आली ती येथें. हें किती अवघड होतें ह्याचें एकच उदाहरण देतों. १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. खजिना सर्वांच्या करांनीं भरलेला, तरी इतर जातींच्या विरोधाचें कारण पुढें करून त्याला प्रवेश नाकारण्यांत आला. सरकारचें दार बंद आणि मिशनचें उघडें, अशी ज्याची स्थिति, त्याच्यापुढें अटीचा पेंच निराळ्याच रूपानें उभा राहत असला पाहिजे.

ह्या पेंचाला जें उत्तर मिळालें तें मिशननें दिलें नाहीं. तें पुण्याच्या एका तरुणानें दिलें. जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ चा, म्हणजे बाई हिंदुस्थानांत आल्या त्याच सालचा. ते स्वतः पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. १८४८ च्या सुमारास ते आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर अहमदनगरास फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहावयास गेले. तेथील शिकविण्याची पद्धत पाहून आपल्याला फार समाधान वाटलें, असें त्यांनीं पुढें स्वतःच नमूद करून ठेविलें आहे. परत आल्यावर १८४८ सालींच त्यांनीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. त्या शाळेंत शिकविणाऱ्या सावित्रीबाईंनींही अध्यापनाचे धडे अहमदनगरास ह्याच बाईंपाशीं घेतले, असें चरित्रकार सांगतात.

येथें नीट पाहावयास पाहिजे. जोतीरावांनीं शाळा घेतली. बाप्तिस्मा घेतला नाहीं. मुलीला शिकवितां येतें, तिला बांकावर बसवून प्रश्न विचारला तर ती उत्तर देते, आणि आभाळ कांहीं कोसळत नाहीं, एवढें त्यांनीं नगरांत डोळ्यांनीं पाहिलें आणि तें घेऊन ते पुण्यास आले. मिशनरी बाईंचा मूळ हेतु ह्या प्रवासांत गळून पडला. बाईंना तें आवडलें असतें कीं नाहीं हा प्रश्न निराळा. परंतु ज्या अटीचें भय आईबापांना होतें ती अट विद्येच्या अंगाला चिकटलेली नाहीं, ती सोडवून बाजूला ठेवतां येते, हें ह्या एका माणसानें सिद्ध केलें. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली, तेव्हां ती कोणत्याही मिशनच्या वतीनें नव्हती. ती येथल्या रयतेच्या वतीनें होती.

ह्या साखळीचा आणखी एक दुवा आहे. पुण्यास जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंत मुक्ता साळवे नांवाची मांग समाजांतील मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास, शिक्षण तीन वर्षांचें. तिनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’ंत दोन अंकांतून छापला गेला. वेद जर ब्राह्मणांची मत्ता, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सरळ प्रश्न. अंगावर छप्पर नसतांना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती सांगते आणि शेवटीं आपल्या जातभाईंना विद्या करावयास बजावते. एका मिशननें धर्मप्रसारासाठीं पत्र काढावें, एका हिंदु जोडप्यानें त्या मिशनची शाळा पाहून आपली शाळा काढावी, आणि त्या शाळेंतील सर्वांत खालीं लोटलेल्या घरच्या मुलीनें त्या पत्रांत सर्वांनाच जाब विचारावा! बोस्टनच्या धक्क्यावर १८२७ सालीं गलबत हललें तेव्हां ह्यांतलें कांहींएक कोणाच्या मनांत नव्हतें.

इकडे बोर्डाचा हिशोब मात्र निराळा चालला होता. १८५४-५५ सालीं बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे हिंदुस्थानांत पाहणीसाठीं आले. शाळांवर पैसा पुष्कळ जातो, ख्रिस्ती मात्र थोडे होतात, तेव्हां शाळांचा पसारा, विशेषतः इंग्रजी शाळांचा, आटपून उपदेशावर भर द्यावा, असा त्यांचा कल पडला. मिशनच्या दृष्टीनें पाहतां तो हिशोब चुकीचा नव्हता. पण ज्या खात्यांत खरी जमा झाली होती तें खातें त्यांच्या वहींतच नव्हतें. भिड्यांच्या वाड्यांतील मुली बोर्डाच्या पटावर कोठून सांपडणार?

श्रोतेहो, मी मॅट्रिक झालेला एक साधा शाळामास्तर. माझी उमेदीचीं वर्षें खेड्यांतील शाळेंत गेलीं. एकदां एक बाप आपल्या मुलीचें नांव काढावयास आला. धाकट्या भावाला सांभाळावयास घरीं कोणी नाहीं, असें त्यानें सांगितलें आणि जातांना विचारलें, ‘गुरुजी, शिकून ती करणार काय?’ मला तत्क्षणीं उत्तर सुचलें नाहीं. मुलगी गेली, पाटी मात्र ती बरोबर घेऊन गेली. पुढें फरारबाईंविषयीं वाचतांना मला तो बाप आठवला. शिकून ती काय करणार हें शिक्षकाला कधींच ठाऊक नसतें. बाईंना वाटत होतें कीं आपल्याला तें ठाऊक आहे. पण त्यांचाही अंदाज चुकला, आणि तो चुकला ह्यांतच त्यांच्या कामाचें सार्थक झालें.

आजकाल तरुण मुलें-मुली दूरच्या देशांतील खेड्यांत कांहीं आठवडे, कांहीं महिने शिकवावयास जातात. कोणी धर्मासाठीं जातात, कोणी सेवेसाठीं, कोणी अनुभवासाठीं. त्यांना ह्या बाईंच्या चरित्रांतून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, असें मला वाटतें. एक, ज्यांना शिकवावयाचें त्यांच्या भाषेंत आधीं आपण विद्यार्थी व्हावें आणि मग पुरतीं वर्षें तेथें राहावें. दुसरी, आपण ज्या हेतूनें दिलें त्याच हेतूसाठीं घेणाऱ्यानें तें वापरावें, असा आग्रह धरूं नये. पहिली गोष्ट बाईंनीं मनापासून केली. दुसरी त्यांच्या हातून झाली ती त्यांच्या विद्यार्थ्यांमुळें आणि जोतीरावांसारख्या पाहुण्यांमुळें.

१८६२ च्या जानेवारींत त्या वारल्या. मुलींना शिकवितां येतें, हें त्या वेळेपर्यंत पुण्या-मुंबईंत नव्यानें सिद्ध करावयाचें उरलें नव्हतें.